मास्तरांचा उजवा पाय

आमच्या इमारतीत कुणाकडे काय चाललंय हे मला विचारावं लागत नाही. तळमजल्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माणसाच्या आयुष्यात महत्त्वाचं म्हणून जे काही असतं ते कधी ना कधी माझ्या काचेवर पालथं पडतं. लग्नाचा दाखला, पोटाचा रिपोर्ट, वरच्या मजल्यावरच्या ताईंचा नोकरीचा सतरावा अर्ज. मी कुणाचं काही वाचत नाही. कागद पालथा घालेपर्यंत जेवढं दिसतं तेवढंच. आता मला कागद पालथा घालायला दीड मिनिट लागतं, हा मशीनचा दोष.

तर एके सकाळी समोरच्या दारातले मास्तर आले आणि काउंटरवर एक कागद ठेवून म्हणाले, "दोन प्रती."

मी दीड मिनिटाऐवजी तीन मिनिटं घेतली. गाडीचे कागद होते. गाडी डर्ट बाइक. मालक मास्तर.

"मास्तर, हे काय? ती चिखलात उड्या मारणारी गाडी? तुम्ही?"

"दोन प्रती म्हटलं. आणि पहिलीवर तुझा अंगठा आलाय, तो काढ."

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. वय चौपन्न. सव्वीस वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसलेत, आणि त्या सीटखाली त्यांचा स्वतःचा क्लच आणि स्वतःचा ब्रेक आहे. समोर म्हैस आली, सायकल आली, नुसती सावली आली, तरी शिकणाऱ्याला कळायच्या आत मास्तरांचा उजवा पाय खाली गेलेला असतो. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली आणि आजवर कुणाला साधा ओरखडाही येऊ दिला नाही. पण सव्वीस वर्षांत त्या पायाला वाईट खोड लागली. लिफ्ट तळमजल्याला टेकायच्या आधी मास्तरांचा पाय दाबला जातो आणि लिफ्ट थांबली की चेहऱ्यावर 'वाचलो थोडक्यात' असा भाव येतो. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला की वहिनी उठून त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढून घेतात. आधीची तेवढ्याच जागी फाटली.

अशा माणसाने डर्ट बाइक घेतली! मला तर सणासुदीचा आनंद झाला. संध्याकाळी टेंपोतून गाडी उतरली तेव्हा मी स्वतःच्या हाताने लाल रंगातला भलामोठा शिकाऊ 'एल' छापला, लॅमिनेट केला, आणि कुणी बघत नाही असं बघून मागच्या मडगार्डवर चिकटवला. सकाळी मास्तर खाली आले. वाकून बघितलं. मी दुकानात श्वास रोखून उभा.

"तिरका लावलायस," ते म्हणाले, आणि तो काढून सरळ लावून घेतला.

गाडीमागचं कारण वहिनींनी आमच्या हिला सांगितलं, हिने मला सांगितलं, आणि मी कुणालाच सांगणार नव्हतो म्हणून दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. कारण म्हणजे मास्तरांची मुलगी. ती फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे गुडघे सरळ करते आणि रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर डोंगरातल्या कच्च्या वाटांवर डर्ट बाइक चालवून स्वतःचे पणाला लावते. दोन महिन्यांनी ती नोकरीसाठी विमानाने सहा तास लांब जाणार होती. जायच्या आधी तीन दिवसांची एक शेवटची डोंगरवारी ठरली होती, आणि तिने वडिलांना विचारलं होतं, "बाबा, येता?"

आता बाहेरच्याला वाटेल, यात काय एवढं. पण आम्हाला मागचं ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी मास्तर स्वतःच्या पोरीला गाडी शिकवायला निघाले. अकरा दिवस शिकवलं. बाराव्या दिवशी तिने भर रस्त्यात गाडी थांबवली, किल्ली काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, गाडी तुम्हीच चालवताय. मी नुसती स्टिअरिंग धरून बसलेय." आणि चालत घरी आली. पुढे ती दुसरीकडे शिकली, झकास चालवते, पण त्या दिवसापासून वडील शेजारी बसलेत आणि ती चालवतेय असं एकदाही झालं नाही. लग्नाला जायचं असलं तरी बाप बसने आणि लेक दुचाकीवर. भांडण नव्हतं हो. जेवताना हसत-बोलत. फक्त रस्ता वेगळा. त्यामुळे 'येता?' हा साधा प्रश्न नव्हता, आणि तो ऐकल्यावर मास्तर चहाचा कप हातात धरून दहा मिनिटं स्वयंपाकघरात नुसते उभे होते, असं वहिनी म्हणाल्या.

तिची एक अट होती. ती तिने कागदावर लिहून दिली आणि मास्तर तो कागद लॅमिनेट करायला माझ्याकडेच घेऊन आले, म्हणून मला तोंडपाठ आहे. 'दुसऱ्या दिवशी खडीचा लांब उतार आहे. एका बाजूला दरी. घाबरून मागचा ब्रेक गच्च दाबला की चाक अडकतं आणि गाडी फरफटत कुठेही जाते. म्हणून: उभं राहायचं. नजर लांब. पहिला गिअर, क्लच सोडलेला, इंजिनच गाडी धरून ठेवतं. उजवा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला. जड नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी खाणीतला उतार उतरून दाखवा. मातीत एकही फरफट दिसली तर तुम्ही घरी.'

"जड नाही" खाली तिने दोन रेघा मारल्या होत्या.

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिथे ट्रक उतरायचे तो खडीचा उतार अजून शाबूत आहे, चार मजले उंचीचा. रोज सकाळी तिथे सराव करायचा आणि पडलेली गाडी उचलायला सोबत माणूस हवा, असं मास्तरांनी ठरवलं. मी म्हटलं, शेजारधर्म आहे, मी येतो. खरं सांगायचं तर ताजी बातमी दुसऱ्याकडून ऐकायची माझ्यावर वेळ आली असती, आणि तो अपमान मला सोसला नसता.

पहिल्या दिवशी मास्तर जिना उतरले तेव्हा इमारत जागी झाली. छातीला कवच, कोपराला कवच, गुडघ्याला कवच, पायात पिंडरीपर्यंतचे टणक बूट. घोटा वळत नसल्यामुळे प्रत्येक पायरीवर कपाट उतरवल्यासारखा आवाज. वहिनी कठड्यावरून ओरडल्या, "अहो, बॅटरी चार्ज केली का? नाहीतर बंद पडाल मध्येच!"

"हसा, हसा," हेल्मेटमधून मास्तर.

सपाटीवर ते बरे चालवायचे. त्यांना गाडी कळते हो. नाही कशी कळणार? पण उताराच्या तोंडाशी आले, पुढचं चाक खाली झुकलं, की सव्वीस वर्षं जागी व्हायची. पाय खाली. मागचं चाक अडकायचं, गाडीची शेपटी बाजूला जायची आणि मास्तर खडीवर. मग खडीत दिसायची ती फरफट, ओलं पोतं ओढत नेल्यासारखी लांब. तिच्यापुढे थाप मारायची सोय नाही.

गाडी उचलायची एक रीत असते. गाडीकडे पाठ करून बसायचं, एक हात हँडलला, एक मागे, आणि पायांच्या जोरावर मागे मागे रेटत उभं राहायचं. ही रीत मास्तरांनी मला नीट समजावली. मी म्हटलं, "समजलं," आणि पोरांची सायकल उचलावी तशी समोरून वाकून उचलली. गाडी दोन बोटं वर आली. मी मात्र वाकलो तो वाकलोच. त्या दिवशी मास्तर पाच वेळा पडून सरळ चालत घरी आले आणि मी एकदाही न पडता काटकोनात.

तरी दुकानात मी गाजत होतो. मास्तर कसे पडले याचा प्रयोग मी काउंटरच्या मागे रोज करायचो, हेल्मेटच्या जागी कागदाचा डबा घालून. लोक एका प्रतीचं काम असताना दोन प्रती काढायला लागले. एकदा असाच रंगात येऊन मी उजवीकडे कोसळून दाखवलं. कुणी हसेना. डबा वर करून बघतो तर रांगेत तिसरे मास्तर.

"काल डावीकडे पडलो होतो," ते म्हणाले. "दाखवायचं तर नीट दाखव. आणि हा कागद मागून-पुढून."

दोन आठवडे झाले, फरफट काही हटेना. मी उपाय सुचवत होतो, माझ्याकडे उपायांना तोटा नाही. पहिला उपाय, बुटात टोकदार खडा ठेवायचा, म्हणजे दाबला की टोचेल. मास्तर तेव्हाही पडले, फक्त उठून लंगडत आले. दुसरा उपाय, ब्रेकचा पेडलच काढून टाकायचा. मेकॅनिकने माझ्याकडे असं बघितलं की मी खिशातून फोन काढून उगाच कानाला लावला.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा मास्तर खडीवर बसले आणि हेल्मेट काढून मांडीत घेतलं.

"नाही जमणार रे. फोन करून सांगतो तिला. तुमचं तुम्ही जा म्हणतो."

मी आजवर कुणाचं सांत्वन केलेलं नाही. मला ते जमत नाही, पण त्या दिवशी करायला गेलो. म्हटलं, "अहो मास्तर, अवघड काय आहे त्यात? वर जायचं असतं तर गोष्ट वेगळी. खालीच तर यायचंय. ते आपोआप होतं."

मास्तरांनी वर बघितलं. मग शांतपणे हेल्मेट माझ्या डोक्यात घातलं.

"बस."

"मी? नाही, नाही. माझी पाठ..."

"कॉलेजात मोटरसायकल चालवायचास ना? सांगत असतोस रोज. बस. उताराच्या अर्ध्यातून सुरू कर."

नाही म्हणायची सोय नव्हती. कॉलेजातली मोटरसायकल मी दुकानात इतक्यांदा चालवली होती. उताराच्या अर्ध्यावर मला गाडीसकट उभं करून मास्तर खाली जाऊन थांबले. वरून ते मला आगपेटीएवढे दिसत होते. त्यांचा शिकवणीतला आवाज सुरू झाला, "मान वर. नजर लांब. क्लच सावकाश सोड. घाबरू नकोस, मी आहे."

मी क्लच सोडला. सावकाश सोडला असता तर बरं झालं असतं. गाडीने एक उचकी दिली, दोन हात पुढे गेली आणि आम्ही दोघं निवांत आडवे झालो. मी पडल्या पडल्या जोरात विव्हळून घेतलं, कारण धावत येणाऱ्या माणसाला कळायला हवं कुठे धावायचं. कुणी आलंच नाही. मान वळवून बघतो तर मास्तर जागच्या जागी, खाली वाकून जमिनीकडे बघतायत.

"मास्तर! मेलोय मी इकडे!"

"इकडे ये," ते म्हणाले.

लंगडत गेलो. ते उभे होते तिथे, उजव्या बुटाच्या टोकाखाली, मातीत खड्डा पडला होता. चांगला मुठीएवढा. ते सपाट जमिनीवर उभे, मी उतारावर, गाडी माझ्या हातात, आणि त्यांनी पायाने जमिनीला ब्रेक मारला होता. माझ्यासाठी.

मी हसणार होतो. अगदी तोंड उघडलं होतं.

"अकरा दिवस," मास्तर म्हणाले. "पोरीने अकरा दिवस सहन केलं रे. मी तर दुसऱ्याच दिवशी किल्ली फेकली असती."

तोंड उघडलंच होतं म्हणून मी जांभई दिली.

मग ते म्हणाले, "पुन्हा जा."

"आता तुम्ही!"

"आधी मी हे शिकलं पाहिजे. जा वर." आणि मी गाडीवर बसेपर्यंत मास्तरांनी उजवा पाय गुडघ्यात वाकवून मागून हाताने घट्ट पकडून धरला. छातीला कवच लावलेला चौपन्न वर्षांचा बगळा. एकाच पायावर डोलतोय आणि ओरडतोय, "मान वर! नजर लांब! पाय हलका!" यावेळी 'मी आहे' म्हणाले नाहीत. नव्हतेच ते, आपला तोल सांभाळण्यात गुंतले होते. मी डोळे मिटले, जे कागदावरच्या सूचनांमध्ये कुठेही नाही, आणि गाडी आपल्या चालीने गुरगुरत मला खाली घेऊन आली. मी डोळे उघडले तेव्हा सपाटी होती आणि किंकाळी माझीच होती. फरफट नाही. म्हणजे तो उतार मास्तरांच्या आधी मी उतरलो, हे ज्यांना ज्यांना ऐकायचं होतं आणि नव्हतं त्या सगळ्यांना मी सांगितलंय.

मास्तरांनी पाय सोडला, गाडी घेतली आणि वरून थेट खाली आले. पहिल्यांदाच मागच्या चाकाची नक्षी खडीत सलग उमटली. पुढचे सात दिवस त्यांनी आधी मला उतरवायचं, आपण एका पायावर उभं राहायचं, आणि मग स्वतः उतरायचं, असा क्रम ठेवला. ते फक्त दोनदा पडले. मी किती पडलो ते विचारू नका.

रविवारी लेक आली, तिच्या गाडीवर, धूळ उडवत. हेल्मेट काढून आधी तिने उताराची पाहणी केली, मग वडिलांच्या बुटांचे पट्टे ओढून बघितले, मग माझ्याकडे वळली.

"काका, तुम्ही बोलायचं नाही."

"मी? मी कशाला बोलू?"

"आत्ता बोललात."

मी रुमाल दातांत धरला. मास्तर वर गेले. गाडी वळवली, उभे राहिले, मान वर, आणि निघाले. काय सुंदर येत होते! सावकाश, एका लयीत, जणू कुणी वरून दोरीने सोडतंय. अर्धा उतार झाला. पाऊण झाला. आणि पुढच्या चाकाखाली एक दगड सरकला, हँडल थरथरलं, आणि माझ्या तोंडाला जन्मापासून ब्रेक नाही, रुमाल कुठे उडाला मला ठाऊक नाही, मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "मास्तर, ब्रेक!"

त्यांनी दाबला.

धूळ बसली तेव्हा मास्तर एका बाजूला, गाडी एका बाजूला, आणि मध्ये हातभर लांब फरफट. लेक चालत गेली, खाली बसली, बोटाने ती खूण चाचपून बघितली.

"इथे दाबलात."

"हो," मास्तर म्हणाले. "दाबला मी."

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझं नाव सांगितलं असतं तर कुणी त्यांना वाईट म्हटलं नसतं. मीच सांगितलं असतं त्यांच्या जागी, आणि वर चार दगड जास्त लावून. दुसऱ्याची बातमी द्यायला माझी जीभ एवढी सैल, स्वतःची द्यायची म्हटल्यावर टाळूला चिकटली.

"माझ्यामुळे झालं ग," मी शेवटी म्हटलं. "मी ओरडलो."

"ऐकलं मी, काका. विमानतळापर्यंत गेलं असेल." ती उठली, हात झटकले. "पण डोंगरात पाच जणं असतील. कुणीतरी ओरडणारच. दर वेळी दाबणार का, बाबा? तिथे खाली खाण नाहीये, दरी आहे."

मास्तर काही वेळ गाडीच्या हँडलवरची धूळ पुसत राहिले.

"आठ वर्षांपूर्वी तू एकदासुद्धा ओरडली नव्हतीस," ते म्हणाले. "तरी मी अकरा दिवस दाबतच होतो. आज निदान कुणीतरी ओरडल्यावर दाबला. तेवढी सुधारणा धर."

लेकीने चटकन मान फिरवली. हसली की काय ते मला दिसलं नाही, आणि मला दिसलं नाही असं सहसा होत नाही.

"जा वर," ती म्हणाली. "पुन्हा उतरा. आणि काका, तुम्ही आता ओरडायचं. ते वरून निघाल्यापासून खाली येईपर्यंत. थांबायचं नाही."

माझ्या अंगातल्या एकमेव गुणाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मागणी केली होती. मी कमरेवर हात ठेवले आणि सुरू झालो. "ब्रेक! मास्तर, ब्रेक! दगड! समोर दगड! म्हैस आली! मागून ट्रक! वहिनींचा फोन! मेलो! ब्रेक!" खाणीच्या भिंती माझं तेच मला परत सांगत होत्या. मास्तर येत होते. चेहरा हेल्मेटमध्ये, पण मान वर होती, नजर लांब होती, आणि उजवा पाय ब्रेकवर असा टेकला होता की मधून कागद काढता आला असता. तोच तो दगडही लागला, हँडल तसंच थरथरलं. "ब्रेक!" मी फाटक्या आवाजात ओरडलो. पाय हलला नाही. मास्तर आमच्यासमोर येऊन थांबले, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "म्हैस कुठून काढलीस?"

आम्ही तिघंही उतारावर बघायला गेलो. म्हणजे ते दोघं आधी गेले. नक्षी वरपासून खालपर्यंत अखंड. लेकीने वडिलांच्या पाठीवरच्या कवचावर दोनदा थाप मारली. मडगार्डवरचा माझा 'एल' बघून म्हणाली, "हा राहू दे. डोंगरात पण राहू दे."

मी मागे राहिलो होतो, माझा रुमाल शोधत. ती उभी होती तिथे तो सापडला. आणि त्याच्या शेजारी, मातीत, बुटाच्या टोकाएवढा खोल, ताजा खड्डा.

मी वर बघितलं. तिने मला बघताना बघितलं. सावकाश चालत परत आली, बुटानेच माती सारून खड्डा बुजवला, आणि ओठांवर बोट ठेवलं.

शुक्रवारी पहाटे दोघं निघाले. ती पुढे, मास्तर मागे, 'एल' सरळ. मी गॅलरीतून बघत होतो, घसा बसलेला, वहिनी शेजारच्या गॅलरीत. फाटकाबाहेर लेकीने एकदम वेग घेतला. मास्तरांचा पाय बघण्यासाठी मी इतका बाहेर वाकलो की हिने मागून शर्ट धरला. पाय जागेवर होता.

त्या खड्ड्याचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. हिला सांगितलं, ती घरचीच. वहिनींना सांगितलं, आईला कळायला नको का? आणि दुकानात तीन-चार जणांना, पण नाव न घेता. मास्तरांना मात्र सांगणार नाही. ते लिफ्टमधून उतरताना आता पाय दाबत नाहीत, आणि मी बाजूला उभा राहून दर वेळी ओठ घट्ट मिटून घेतो. तळमजला येईपर्यंत जमतं.